तिसऱ्या वेळची मूठ

मी एक जुना दाब्या आहे. नाव ऐकून हसू आलं ना? येऊ द्या. माझं खरं नाव चांगलं लांबलचक होतं. ते डब्याच्या झाकणावर छापलेलं होतं आणि ते झाकण कधीच हरवलं. मग एकदा सायकली दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, हा तर नुसता ब्रेक! गाडी कुठाय?" सगळा वॉर्ड हसला. तेव्हापासून कोणी मला ब्रेक म्हणायचं, कोणी दाब्या. दाब्या टिकलं.

मित्रांनो, माझं काम फार साधं. आजारी माणसाने मला मुठीत धरायचं आणि जीव खाऊन दाबायचं. किती जोर लागला ते माझी तबकडी किलोत सांगते. तुम्ही म्हणाल, दवाखान्यात ही कसली कुस्ती? सांगतो. माणूस फार आजारी पडला की त्याचं खाणं तुटतं. खाणं तुटलं की शरीर स्वतःचंच मांस जाळून दिवस ढकलतं. वजनाच्या काट्याला हे लवकर कळत नाही. अंगात पाणी साचलं तर तो उलट वजन वाढल्याचं सांगून मोकळा होतो. मुठीला मात्र कळतं. चेहरा हसरा राहतो, गप्पा चालू राहतात, आणि मूठ गुपचूप ढिली पडलेली असते.

कारखान्यात माझ्या पोटात तेल भरलं आणि माझ्या दांडीला वजनं लटकवून माझी परीक्षा घेतली. दहा किलो, वीस किलो, चाळीस किलो. तपासणाऱ्या गृहस्थांनी माझ्या काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "पठ्ठ्या खरं बोलतो." ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही.

माझ्या तबकडीवर दोन काटे आहेत. काळा काटा विसरभोळा. मूठ सुटली की तो धावत शून्यावर येतो. तांबडा काटा तसा नाही. काळ्याने त्याला ढकलत जिथवर नेलं तिथेच तो उभा राहतो. दाबणारा माणूस उठून गेला, घरी गेला, जगातून गेला, तरी कोणीतरी येऊन हाताने त्याला शून्यावर आणेपर्यंत तो हलत नाही. शून्यापाशी एक बारीकशी खीळ आहे. तिच्या पलीकडे कोणत्याच काट्याला जाता येत नाही. ही खीळ लक्षात ठेवा.

मी गेलो तो एका मोठ्या दवाखान्यात, आहार बघणाऱ्या बाईंकडे. सगळे त्यांना 'जेवणाच्या बाई' म्हणत. उंच, सडसडीत, चालणं झपझप, बोलणं त्याहून. सकाळी त्या वॉर्डात शिरल्या की ज्यांनी नाश्ता टाकला असेल ते डोळे मिटून झोपेचं सोंग घेत. बाई दंडाला टेप लावून घेर मोजत, कातडीला हळूच चिमटा घेत, नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते बघत, ताटात काय उरलं ते विचारत, आणि सगळ्यांत शेवटी मला पुढे करत. "दाबा! माझ्या बेचव सूपचा सगळा राग काढा याच्यावर!" रडवेली माणसंसुद्धा हसत आणि दाबत.

प्रत्येकाने तीन वेळा दाबायचं, आणि तीनांतला सगळ्यात चांगला आकडा धरायचा, असा नियम होता. नियम दयाळू होता. पहिल्या वेळी माणूस बिचकतो, दुसऱ्या वेळी त्याची बोटं घसरतात, म्हणून त्याला तिसरी संधी. वर्षानुवर्षं त्या नियमाने कोणाचं वाईट केलं नाही. एका गाणाऱ्या बाईंची मूठ मी सांगितली म्हणून त्यांना वेळेवर जास्तीचं दूध आणि अंडी सुरू झाली, आणि जाताना त्या मला बोट लावून नमस्कार करून गेल्या. एका घड्याळजींना तर नातेवाईक कधीच ठणठणीत म्हणून मोकळे झाले होते. मी म्हटलं, नाही. मीच खरा ठरलो. तेव्हा माझी मान जरा ताठच होती, खोटं कशाला बोलू?

आता पुढचं सांगतो ते तुम्हाला पटलं तर पटलं. हात निघून जातात, पण त्यांचा दाब माझ्या दांडीतून पुरता जात नाही. बाईंच्या टेबलाच्या खणात एकटा पडलो की एकेक हात परत येतो. घामेजलेला, थंडगार, अंगठी सैल झालेला. दाबतो आणि जातो. मला त्याची भीती वाटत नसे. ओळखीची माणसं येऊन गेल्यासारखं वाटे.

मग त्या दोघी बहिणी आल्या.

थोरली आणि धाकटी. दोघीही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. वडलांची बेकरी होती, आणि लहानपणापासून पावाची कणीक तिंबून दोघींचे हात लाकडासारखे झाले होते. आजारी होती ती धाकटी. पोटात गाठ होती. पहिल्या दिवशी बाईंनी मला तिच्या हातात दिलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच? याची तर मी भाकरी करीन." आणि काटा एकतीसवर नेला. थोरलीलाही राहवलं नाही. तिने दाबून बहिणीपेक्षा दोन घरं पुढे नेला.

"बघा मॅडम," धाकटी म्हणाली, "हिनं जन्मभर कणीक तिंबली, आणि अधूनमधून माझीसुद्धा."

"तू होतीसच तशी चिमे," थोरली म्हणाली. बाई खूप हसल्या.

गाठ काढायला मोठे डॉक्टर बाहेरून यायचे होते. ते क्वचित येत. त्यांनी तारीख दिली होती, आणि ती हुकली तर पुढची कधी मिळेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पण एक अट होती. धाकटीचं अंग ऑपरेशन सोसायला पुरेसं पोसलेलं हवं. मूठ ढिली निघाली, खाणं कमी पडलं, तर ऑपरेशन थांबवून आधी नळीतून पोसायचं, आणि अंग भरलं की मगच चाकू लावायचा. बाईंनी हे दोघींना नीट समजावून सांगितलं होतं. बाईंच्या लेखी ती काळजी होती. बहिणींना ती धमकी वाटली.

एके दुपारी बाई मला धाकटीच्या उशाशी टेबलावर ठेवून शेजारच्या खाटेकडे गेल्या आणि तिथेच अडकल्या. तेवढ्यात ताट आलं. सूप, उकडलेलं अंडं, पाव, दूध. थोरलीने पडदा ओढला. धाकटीने एक चमचा सूप तोंडात घेतलं आणि ते गळ्याशी थांबलं. कसंबसं गिळून तिने ताट सरकवलं.

"ताई, घे ना तू."

"अगं, थोडं तरी घे. अंडं तरी."

"नाही उतरत गं. ताट भरलेलं परत गेलं तर त्या लिहून घेतील. मग गेली तारीख. माझी शपथ आहे तुला, खा."

आणि थोरलीने खाल्लं. तोंडात अंडं आणि डोळ्यांतून पाणी. दुधाचा पेला तिने एका दमात संपवला, तोंड पदराने पुसलं आणि पडदा सारला. रिकामं ताट गेलं. मी टेबलावर पडल्या पडल्या सगळं बघितलं. मला तोंड असतं तर! पण मला नुसती तबकडी.

असं रोज झालं असावं, कारण ताटं रोज रिकामी जाऊ लागली. छोटे डॉक्टर, म्हणजे वॉर्डातले तरुण डॉक्टर, खूश झाले. त्यातच वजन वाढलं. "वा! छान चाललंय!" ते म्हणाले. धाकटीची पावलं मात्र सुजून गुळगुळीत झाली होती. मला मात्र वेगळंच कळत होतं. एकतीसचे चोवीस झाले, चोवीसचे सतरा. आणि इकडे थोरलीचे गाल वर आले. एकदा बाई तिला गमतीने म्हणाल्यासुद्धा, "आमचं जेवण तुम्हाला चांगलंच मानवलेलं दिसतंय!" थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंना वाटलं, बिचारीला माझी थट्टा लागली. त्यांनी उलट माफी मागितली.

तारीख जवळ आली. बाईंनी धाकटीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो कितीतरी वेळ भरेना. "हे वजन पाण्याचं आहे," बाई छोट्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"पण ताटं रिकामी येतायत, मॅडम."

"तेच तर कळत नाही. सगळं खातात, मग अंग असं का? उद्या परत मूठ बघते. त्यावर ठरवू."

बाई पलीकडच्या बेसिनवर हात धुवायला वळल्या. मी पलंगावरच होतो, धाकटीच्या चादरीच्या घडीत. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, सांगून टाकू या."

"काय सांगायचं?"

"ताटाचं. माझ्यात काही उरलं नाहीये गं. मला कळतंय आतून."

"वेडी आहेस का? आता? दोन पावलांवर आलंय सगळं. गाठ एकदा निघाली की आपोआप खाशील."

"नळी घालू देत. मी घेईन घालून."

"गप बस, चिमे. मी आहे ना."

धाकटी गप्प बसली. जन्मभर ती ताईचं ऐकत आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मला तिच्या हातात दिलं. त्या दिवशी सूपचा विनोद केला नाही. नुसतंच म्हणाल्या, "दाबा." पहिल्या वेळी काटा अकरावर थांबला. बाईंनी तांबडा काटा शून्यावर आणला. दुसऱ्या वेळी दहा. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांचं ठरत आलं होतं. ऑपरेशन थांबणार, नळी लागणार. तिसऱ्यांदा त्यांनी मला धाकटीच्या मुठीत बसवलं, आणि तेवढ्यात दारातून छोट्या डॉक्टरांनी हाक मारली, "मॅडम, जरा ऐकता?" बाई वळल्या.

वळून दोन शब्द बोलल्या, तेवढाच वेळ. त्या वेळात थोरलीचा हात आला. तिने बहिणीच्या मुठीवर आपली मूठ आवळली आणि कानाशी पुटपुटली, "मी आहे ना." थोरलीचा तो हात पोत्यांनी कणीक तिंबलेला हात होता. काळा काटा उसळला, तांबड्याला ढकलत वर गेला, आणि थोरलीने हात काढून मांडीवर ठेवला.

बाई वळल्या. तांबडा काटा उभा होता. बावीस.

"बावीस?" बाई म्हणाल्या.

"बघा!" थोरली म्हणाली, "सांगितलं नव्हतं तुम्हाला? आमची चिमी अशीच आहे. आधी कुरकुर करते आणि मग दाखवते."

धाकटी बाईंकडे बघत होती. तिचे ओठ उघडले. थोरलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओठ मिटले.

बाई माझ्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. अकरा, दहा, बावीस. त्यांच्या मनात काहीतरी खुटखुटत होतं, ते मला त्यांच्या बोटांतून कळलं. पण ताट रिकामं होतं, वजन वाढलेलं होतं, डॉक्टर खूश होते, आणि नियम होता तीनांतला सगळ्यात चांगला. त्यांनी बावीस लिहिलं.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. गाठ निघाली. पण जखम भरून येण्यासाठी अंगात काहीतरी असावं लागतं, मित्रांनो. धाकटीच्या अंगात काहीच नव्हतं. टाके धरेनात. मोठे डॉक्टर कधीच परत गेले होते. नळी लागली, पण वेळ निघून गेली होती. ज्या दुपारी ती गेली, त्या दुपारी बाई आपल्या खोलीत येऊन बसल्या, मला हातात घेतलं आणि कारण नसताना दाबत राहिल्या.

त्यानंतर माझ्या खणात काहीतरी बदललं. आधी येणारे हात दाबून जात. आता एक हात येई आणि दाबत नसे. गार, कोरडा, तळव्यावर कणकेचे घट्टे. तो आला की माझा काळा काटा मागे जाऊ बघे, शून्याच्या पलीकडे, आणि त्या बारीक खिळीवर आपटे. टिक. थोड्या वेळाने पुन्हा टिक. भर दुपारी, खोलीत माणसं बसलेली असताना. बाईंनाही ते ऐकू जात असावं. बोलता बोलता त्या थांबत आणि खणाकडे बघत. एकदा त्यांनी खण उघडलासुद्धा. दोन्ही काटे शून्यावर होते. त्यांनी माझ्यावर एक जाड फडकं टाकलं आणि खण लावून घेतला. फडक्याने काय होतंय?

कितीतरी महिन्यांनी थोरली आली. दारात उभी राहिली तेव्हा बाईंनी तिला ओळखलंच नाही. ते गाल कुठल्या कुठे गेले होते. ती खुर्चीत बसली आणि न थांबता सगळं बोलून गेली. ताट, पडदा, अंडं, आणि तिसऱ्या वेळची मूठ.

"मॅडम, मला शिव्या द्या, काय हवं ते करा. पण मला एक सांगा." थोरलीने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले. "त्या बावीसमधले तिचे किती होते?"

"म्हणजे?"

"ती दाबत होती का हो? तिला जगायचं होतं का? का मीच आपली... मला घास गिळवत नाही. ताट समोर आलं की ती म्हणते, ताई, घे ना तू."

बाईंनी खण उघडला, फडकं काढलं आणि मला टेबलावर ठेवलं. "हे मला आता कसं सांगता येणार?" त्या म्हणाल्या.

"येईल. तुम्ही हा मुठीत धरा. नुसता धरून ठेवा, अजिबात दाबू नका. मी वरून तसंच दाबते. जेवढा आकडा येईल तेवढे माझे. उरले ते तिचे."

बाई नको म्हणणार होत्या. पण त्यांनी थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला मुठीत घेतलं. बोटं सैल सोडली. थोरलीने वरून हात घातला, डोळे मिटले आणि दाबलं. तिचा हात वाळला होता, दंड उतरला होता. आधीचं बळ तिच्यात राहिलं नव्हतं. तरी काळा काटा उसळला आणि तांबड्याला ढकलत गेला. वीस. एकवीस. बावीस. तिथेही थांबला नाही. चोवीस.

बाईंनी ते पाहिलं. आकड्यांची वजाबाकी त्या डोळे मिटून करत. बावीसमधून चोवीस गेले तर काय उरतं?

मित्रांनो, मला ते त्याच दिवसापासून ठाऊक होतं. त्या दुपारी थोरलीची मूठ वरून आवळली गेली तेव्हा खालची बोटं दाबत नव्हती. ती उघडत होती. एकेक बोट सरळ होऊ बघत होतं. तिला मला सोडायचं होतं, म्हणजे काटा वर चढलाच नसता, बाईंनी बघितलं असतं, आणि तिला जे तोंडाने सांगता येत नव्हतं ते सांगून झालं असतं. तिला जगायचं नव्हतं असं नाही. जगायचं होतं म्हणूनच ती बोटं उघडत होती.

थोरलीने डोळे उघडले. ते पाण्याने डबडबले होते, आणि चष्मा तिच्या मांडीवर होता. "किती?" तिने विचारलं.

बाईंनी तबकडी स्वतःकडे वळवली. अंगठ्याने तांबडा काटा शून्यावर आणला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासमोर एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता.

"वीस," त्या म्हणाल्या.

"वीस?" थोरली बोटांवर मोजल्यासारखं करत राहिली. "म्हणजे दोन..."

"हो. दोन त्यांचे होते."

"ती दाबत होती."

"दाबत होत्या. जेवढं जमेल तेवढं."

थोरली टेबलावर डोकं ठेवून रडली, मोठ्याने, पोटातून. मग उठली, चष्मा लावला, बाईंचे हात हातात घेतले. जाताना म्हणाली, "आज घरी जाऊन थोडं खाईन म्हणते." ती गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं.

पुढे त्यांनी मला बरीच वर्षं वापरलं. पण आकडा बघायच्या आधी त्या रुग्णाची बोटं बघायच्या. नातेवाइकांना समोर बसवायच्या, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर. आणि कोणी दारातून हाक मारली तर वळायच्या नाहीत, हाक कोणाचीही असो. मग नवी यंत्रं आली, आकडे चमकून दाखवणारी. बाईही गेल्या. मी आता भिंतीतल्या कपाटात, मोडक्या टेपच्या आणि जुन्या वजनांच्या शेजारी पडून आहे. तेल आटत आलंय. तो हात अजून येतो. काळा काटा मागे जाऊ बघतो आणि खिळीवर आपटतो. टिक. शून्याच्या खाली माझ्याकडे आकडे नाहीत, नाहीतर त्याच दुपारी मी सांगून टाकलं असतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात कोणी फार आजारी पडलं, तर त्यांना भरवा, हसवा, हात हातात घ्या. पण त्यांचं ताट तुम्ही संपवू नका, आणि त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवून जोर लावू नका, कितीही माया असली तरी. त्यांची बोटं उघडायला लागली तर घाबरून आवळू नका. जवळ बसा, दारातल्या हाकेला थोडं थांबू द्या, आणि विचारा, "बोल, तुला काय सांगायचंय?"

धाकटीला हे कोणीच विचारलं नाही.